लोकरीचे पैसे

नोव्हेंबर अर्धा सरला, घराच्या खिडक्या उघड्या ठेवता येऊ लागल्या, की दुबईतल्या अल मनखूलच्या इमारतींमध्ये एक वाक्य हमखास कानावर पडते. "माझ्यासाठीही एक कर ना गं, लोकरीचे पैसे देते मी." लिफ्टमध्ये, शाळेच्या बसची वाट पाहताना, नाहीतर भिशीच्या दुपारी. म्हणणारी बाई मनाने चांगलीच असते. फुकट घ्यायला तिला संकोच वाटतो, म्हणून तर ती लोकरीचे पैसे पुढे करते. ऐकणारीही "अगं, पैसे कसले!" म्हणून हसते आणि दुसऱ्या दिवशी कोणता रंग हवा ते विचारते. दोघींच्या या सभ्यपणात विणणाऱ्या हातांची मजुरी तेवढी कुठेतरी गळून जाते, आणि गळाली हे दोघींच्याही लक्षात येत नाही.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. हाताने विणलेली वस्तू एकतर भेट म्हणून द्यावी, नाहीतर पूर्ण मजुरी धरून विकावी. सामानाचे पैसे आणि वर थोडेसे, हा जो मधला मार्ग आपण काढला आहे, तो सोयीचा आहे, सचोटीचा नाही.

पण आधी एक शंका मिटवू. दुबईत लोकर हवी कशाला? डिसेंबर-जानेवारीत इथे दुपारी पंचविसाच्या आसपास आणि पहाटे चौदा-पंधरा अंश सेल्सिअस असते. पुणेकर याला थंडी म्हणणार नाही. मात्र इथली खरी थंडी छतातून येते. मेट्रोच्या डब्यात, बर्जुमानच्या मॉलमध्ये, शाळेच्या वर्गात आणि कचेरीत ती बारमाही असते, आणि ऑगस्टातही बायकांच्या खुर्च्यांच्या पाठीला शाल अडकवलेली दिसते. शिवाय इथे विणलेले सगळे इथे राहतच नाही. डिसेंबरच्या मध्याला शाळांना हिवाळी सुट्टी लागते, कुटुंबे गावी निघतात, आणि बॅगांतून कानटोप्या, मफलर, पायमोजे पुण्या-नाशिकला पोहोचतात. निफाडकडे तर द्राक्षबागा वाचवायला शेकोट्या पेटवाव्या लागतील अशी थंडी पडते. वसईची, गोव्याची कुटुंबे मागे राहतात, कारण त्यांचा नाताळ औद मेथाच्या सेंट मेरीज चर्चमध्ये असतो; त्यांच्या घरी झाडावर टांगायला क्रोशाच्या चांदण्या होतात. आणि वाळवंटाला लोकर परकी आहे हा समजही खोटाच. मेंढीची लोकर, बकरीचे नि उंटाचे केस कातून इथल्या बेदुइन बायका तंबूचे पट्टे आणि घोंगड्या विणत आल्या. 'अल सदू' नावाच्या या विणकामाचा युनेस्कोने २०११ साली तातडीने जपायच्या वारशात समावेश केला.

आमच्याकडे लोकर येते ती मात्र मेंढीची नव्हे. मनखूलहून चालत मीना बाजारात गेले की लेस, बटणे, साडीचे फॉल विकणाऱ्या दुकानांत वरच्या फळीवर गुंडे रचलेले असतात. बरेचसे तुर्कस्तानचे, आणि त्यांतल्या एका नामांकित छापाचे नाव चक्क 'हिमालया'. तुर्कस्तानात तयार झालेली हिमालया दुबईत विकत घेऊन मराठी सून नाशिकच्या सासूबाईंसाठी शाल विणते, यातली गंमत मला दरवर्षी नव्याने जाणवते. त्यावरचे लेबल वाचले तर बहुधा ॲक्रिलिक असे निघते, म्हणजे मुळात खनिज तेलापासून झालेला धागा. लोकरीचे पैसे म्हणून जे दिले जातात ते खरे पाहता तेलाचेच पैसे.

आता हिशेब. शेजारधर्मात हिशेब काढला की नाती कोरडी होतात असे आपल्याला लहानपणापासून शिकवले आहे, म्हणून तो काढलाच पाहिजे.

तान्ह्या बाळाचे एक ब्लँकेट घ्या. पाऊण मीटर रुंद, त्याहून थोडे लांब. मध्यम जाडीची लोकर, चार मिलिमीटरची क्रोशाची सुई. एका ओळीत साधारण १२० खांब बसतात आणि ओळी होतात ७५. म्हणजे ९,००० खांब. एक खांब म्हणजे सुईवर दोऱ्याचा एक वेढा घ्यायचा, खालच्या ओळीतल्या टाक्यात सुई घालायची, दोरा ओढून वर आणायचा. सुईवर तीन फास होतात. पुन्हा दोरा घेऊन त्यांतले दोन सोडवायचे, पुन्हा दोरा घेऊन उरलेले दोन. हे सगळे उजवा हात करतो, पण कसब डाव्या हातात असते. दोरा करंगळीला गुंडाळून तर्जनीवर जेवढा ताणून धरला असेल तेवढा टाका घट्ट किंवा सैल पडतो. रात्री दमून विणलेल्या ओळी आवळलेल्या असतात आणि तिथे ब्लँकेटची कड किंचित आत ओढली जाते. जाणत्या डोळ्याला ते लगेच दिसते. सराईत हात मिनिटाला बारा-तेरा खांब घालतो, तेही मुलाचे पाढे ऐकता ऐकता. तरी नुसत्या खांबांनाच बाराएक तास जातात. किनार, टोके आत ओवणे आणि मोजणी चुकली म्हणून उसवलेल्या ओळी धरल्या तर पंधरा.

लोकर लागते चार-पाचशे ग्रॅम, समजा साठ दिरहमची. असे ब्लँकेट ओळखीपाळखीत दीडशेला जाते, आणि घेणारीला ते महागच वाटते. दीडशेतून साठ गेले, उरले नव्वद. भागिले पंधरा. तासाला सहा दिरहम. त्याच इमारतीत एखाद्या कंपनीकडून साफसफाईला बाई बोलावली तर तासाचे तीस-पस्तीस दिरहम मोजावे लागतात. त्यातले तिच्या हातावर किती पडतात हा वेगळ्या लेखाचा विषय. पण तिला कोणी "फिनेलचे पैसे देते" असे म्हणत नाही.

यावर ठरलेले उत्तर येते: ती काही पोटासाठी करत नाही, आवडीने करते. मान्य. पण आवडीने केलेल्या कामाला मोल नसते हा नियम आपण कुठे लावतो? गवई आवडीनेच गातो, आपण त्याला बिदागी देतो, आणि ती कमी पडली तर लाजतो. आवड हा करणाऱ्याचा नफा आहे. त्यावर घेणाऱ्याने सूट मागण्याचे कारण नाही.

दुसरा दाखला घरातला आहे आणि मला तो जास्त बोलका वाटतो. दादर-पुण्याला दिवाळीच्या फराळाचा किलोचा भाव ठरलेला असतो. त्यात भाजणी, तेल, गॅस आणि सोऱ्या दाबणारे हात सगळे धरलेले असते, नि घेणारे रांग लावून घेतात. संक्रांतीचे हलव्याचे दागिनेही तसेच. चार मंगल कार्यालये आणि दहा दुकाने फिरली की सगळ्यांना भाव पाठ होतो. "भाजणीचे पैसे देते, चकल्या पाडून दे" असे आज कोणी घरगुती फराळवालीला म्हणून पाहावे. म्हणजे बाईच्या हाताला किंमत द्यायचीच नाही असा मराठी स्वभाव नाही. स्वयंपाकघरातल्या हाताला आपण बाजारभाव लावायला शिकलो, सुईवरच्या हाताला शिकलो नाही.

का शिकलो नाही, याचे एक कारण यंत्र आहे. इंग्लंडात विल्यम ली याने मोजे विणायची चौकट केली ती १५८९ मध्ये. तेव्हापासून दोन सुयांचे विणकाम यंत्राशी झुंजते आहे, आणि लुधियानाच्या स्वेटरपुढे हातच्या स्वेटरने किमतीत टिकणे शक्यच नाही. क्रोशाची गोष्ट मात्र निराळी. खरा क्रोशा विणणारे यंत्र आजवर कारखान्यात उभे राहिलेले नाही. दुकानात यंत्राचे म्हणून जे क्रोशासारखे दिसते ते बहुतेक वेळा रॅशेल जातीच्या यंत्रावरचे निराळेच विणकाम असते. म्हणजे मॉलमध्ये चाळीस दिरहमला क्रोशाची पिशवी टांगलेली दिसली आणि ती खरीच क्रोशाची असेल, तर ती कोणाच्या तरी बोटांनी, टाक्यामागून टाका घालत केलेली आहे. चाळीस दिरहमांतून दुकान, जहाज, दलाल, धागा वजा करून त्या बोटांना काय उरले असेल? मनखूलची बाई "मॉलमध्ये तर चाळीसला मिळते" हे ऐकून वरमते, तेव्हा तिची स्पर्धा यंत्राशी नसते. तिच्याहून स्वस्त ठरवल्या गेलेल्या दुसऱ्या बाईशी असते.

ही दुसरी बाई कशी घडवली जाते, याचा सगळ्यात चांगला अभ्यास भारतातच झाला. आंध्रात गोदावरीच्या मुखाजवळ नरसापूर आहे. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी तिथल्या बायकांना क्रोशाची लेस शिकवली. पुढे तिची परदेशी निर्यात सुरू झाली. मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी तिथे राहून केलेला अभ्यास १९८२ साली पुस्तकरूपाने आला. (या मीसबाई १९६०च्या दशकात पुण्यात जर्मन शिकवत होत्या, आपल्याकडे ही ओळख फारशी काढली जात नाही.) त्यांना दिसले ते असे: घरोघर बायका जगाच्या बाजारासाठी लेस विणत होत्या, पण दलाल, निर्यातदार, नवरे आणि त्या स्वतःही त्यांना कामगार म्हणत नव्हते. त्या 'गृहिणी', आणि लेस हा त्यांचा रिकामा वेळ. रिकाम्या वेळाला मजुरी नसते, त्यामुळे मजुरी पोट भरण्याइतकीही ठेवावी लागली नाही, आणि व्यापार पुरुषांच्या हाती वाढत गेला. बाईला नुसते गृहिणी म्हटले, की तिचा अख्खा दिवस स्वस्त करता येतो. नरसापूरची ही युक्ती शोषणाची होती, मनखूलमधली सभ्यतेची आहे. हिशेबाची वजाबाकी मात्र तीच.

आपल्याकडे या सवयीची मुळे रुखवतात आहेत. क्रोशाचे रुमाल, तोरणे, टीकोझी, मण्यांचे हंस. मांडवात मांडलेले ते सगळे मुलीच्या अंगच्या गुणांचे प्रदर्शन होते. विणता येणे ही पात्रता होती, कमाई नव्हती. ती पात्रता घेऊन आलेली मुलगी पुढे जन्मभर विणत राहिली, आणि ज्या कामाला पहिल्या दिवशीच किंमत लावली नाही त्याला नंतर लावणे चमत्कारिक वाटू लागले.

मनखूलमध्ये आणखी एक पदर आहे. इथल्या बऱ्याच बायका नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या, शिकलेल्या, तिकडची नोकरी सोडून आलेल्या. सुट्टीआधीच्या या दिवसांत त्यांच्या सुया जोरात चालतात ते काही केवळ थंडी आली म्हणून नव्हे. पण दुबईत घरबसल्या, अगदी इन्स्टाग्रामवरून विकायचे तरी परवाना लागतो. विणलेली ब्लँकेटे जमवून बांधकामावरच्या मजुरांना वाटावीत असे मनात आले तरी ते आपल्या मनाने करता येत नाही. २०२१च्या संघीय कायद्याप्रमाणे देणग्या गोळा करणे हे परवानाधारक संस्थांचेच काम आहे. कायद्याला त्याची कारणे आहेत, गैरप्रकार रोखण्याची, आणि ती मला पटतात. पण परिणाम असा होतो, की ना रीतसर धंदा, ना रीतसर दान, अशा फटीत हे काम अडकते. "लोकरीचे पैसे" त्या फटीत फोफावले आहेत. ते कोणत्याच वहीत दिसत नाहीत.

शेजारच्या शारजात मात्र उलटे चित्र आहे. तिथे २०१५ पासून 'इर्थी' ही हस्तकलांची परिषद काम करते. तल्ली नावाची, उशीच्या घोडीवर दोरे गुंफून करायची झालर विणणाऱ्या स्थानिक बायकांना ती शिकवते, काम देते आणि मोबदला देते. तल्ली २०२२ मध्ये युनेस्कोच्या यादीत आली. तल्लीला वारसा म्हणतात म्हणून तिला भाव आहे. आमचा क्रोशा कोणाचाच वारसा नाही, मिशनऱ्यांकडून आलेला, जगभर सगळीकडे असलेला. त्यामुळे त्याची बातमी होते तीही आकाराने. चेन्नईत ३१ जानेवारी २०१६ रोजी 'मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स' या गटाने तोवरचे जगातले सगळ्यात मोठे क्रोशाचे ब्लँकेट मांडले, ११,१४८.५ चौरस मीटरचे, आणि गिनीज बुकात नोंद झाली. कौतुक मलाही आहे. पण चौरस मीटर मोजले गेले. तास कोणी मोजले नाहीत.

तर मग सगळ्याचाच भाव करायचा का? नाही. पूर्ण भाव लावला तर बहुतेकांना विणलेले ब्लँकेट परवडणार नाही हे उघड आहे. तासाला तीस धरून साडेचारशे मजुरी आणि साठ लोकर, पाचशे दहा दिरहम कोण देणार? थोडे लोक देतील, त्यांना परवाना काढून विकावे. बाकीच्यांसाठी विकणे बंद झाले तर मला वाईट वाटणार नाही. जी वस्तू विकून तासाला सहा दिरहम मिळतात ती न विकणे हेच शहाणपण. उरतो तो भेटीचा रस्ता, आणि तो रस्ता मी कमी मानत नाही.

मात्र भेटीलाही हिशेब असतो. मार्सेल मॉस या फ्रेंच अभ्यासकाने १९२५ साली लिहिले, की भेट घेणाऱ्यावर परतफेडीचे बंधन पडतेच. आपल्या आज्यांना हे सांगायला कोणी फ्रेंच माणूस लागला नाही. त्यांच्याकडे आहेराची वही होती. कोणी काय आणले ते त्यात लिहिलेले असे, म्हणजे त्यांच्याकडच्या कार्यात तोलामोलाचे परत करता येई. बाळंतविडाही तसाच फिरे. आज मी तुझ्या लेकीच्या बाळाला कुंची, टोपडे, दुपटे केले, दहा वर्षांनी तुझ्या सुनेने माझ्या नातवाला केले. वरून माया दिसे आणि आतून पिढ्यांचे देणेघेणे चाले. एका आळीत चाळीस वर्षे राहणाऱ्या माणसांना ते परवडले.

मनखूलमध्ये कोणी चाळीस वर्षे राहायच्या हिशेबाने येत नाही. नोकरी संपली, बदली झाली, मुलाची बारावी झाली की घर आवरले जाते आणि शेजारीण टोरांटोला नाहीतर ठाण्याला निघून जाते. तिला दिलेल्या ब्लँकेटची परतफेड कधी येईल असे धरून चालू नये. म्हणूनच इथली भेट मला आळीतल्या भेटीपेक्षा खरी वाटते. ती वहीत लिहिता येत नाही. पण त्याच कारणाने ती विणणारीच्या मनातून निघायला हवी, कोणी मागून नव्हे. मागून घेतलेली भेट हा आपल्या भाषेत तगादा असतो.

अशा परतफेड नसलेल्या विणकामाची मोठी आठवण आपल्याकडे आहे. १९६२ साली चीनच्या युद्धात आपले जवान अपुऱ्या गरम कपड्यांत लढले आणि देशभर बायका त्यांच्यासाठी स्वेटर-मोजे विणायला बसल्या. नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले, सह्याद्री हिमालयाच्या मदतीला धावला असे तेव्हा म्हटले गेले. त्या धावण्यात विणायच्या सुयाही होत्या. ज्याचे माप ठाऊक नाही, ज्याचा चेहरा कधी दिसणार नाही, अशा माणसासाठी विणलेल्या स्वेटरची मजुरी कोण मागेल? तरीही एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. ते कपडे सरकारने वेळेवर विकत घेऊन पुरवायचे होते. टंचाई पडली की बाईच्या मायेला हाक मारायची आणि टंचाई संपली की ते काम विसरायचे, ही रीत तेव्हाही होती.

आता थोडे विणणाऱ्यांना, कारण सगळा दोष मागणाऱ्यांचा नाही. न विचारता विणलेली भेट पुष्कळदा जुलूम ठरते. पाच महिन्यांच्या बाळासाठी ऑक्टोबरात घेतलेल्या मापाचा स्वेटर डिसेंबरात डोक्यातून जात नाही. दुबईतल्या मुलाला ॲक्रिलिकमध्ये घामोळे येते. त्याला सुती धाग्याचे करावे. आई-बापांना ते आवडले नाही तरी "किती मेहनत घेतलीय" म्हणून फोटो काढावा लागतो, आणि मग ती वस्तू कपाटात जाते. भेट द्यायचीच असेल तर आधी माप विचारा, रंग विचारा, हवी आहे का तेही विचारा. विचारल्याने अचंबा जातो, पण वस्तू अंगावर राहते.

आणि मागणाऱ्यांना एवढेच: आवडले असेल तर "दर काय?" असे विचारा. झेपत नसेल तर पेल्याखालची एक चकती विकत घ्या, पूर्ण भावाने. कोणी आपणहून काही विणून दिले तर घ्या, वापरा, मळू द्या. ॲक्रिलिक असेल तर थंड पाण्यात धुवा, आडवे पसरून वाळवा, आणि इस्त्री लावू नका. एकदा गरम इस्त्री फिरली की वीण चपटी होते ती पुन्हा उठत नाही.